बाराशे चाळीस की एकवीसशे चाळीस

गुरुवारी दुपारी साडेबाराच्या सुमारास श्रीमंत सायकल भिंतीला टेकवून आत आला, तेव्हा त्यानं पाणी मागितलं नाही. १९९२च्या त्या एप्रिलमध्ये लातुरात कुणाच्याही घरात शिरलेला माणूस आधी माठाकडं बघायचा. श्रीमंतनं हातातला कागद टेबलावर पसरला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"ताई, निवळेवाडी रेणापूरएवढी कधी झाली?"

तारामती सोनकांबळेनं वाकून पाहिलं. निवळेवाडी, लोकसंख्या ८१३०, टँकरच्या खेपा सतरा.

"अठराशे तीस आहे ती," ती म्हणाली.

"ते मला म्हाईत हाय. साहेबाला बी म्हाईत हाय. साहेब म्हणाले, ही बाई कुण्या टँकरवाल्याची पाव्हणी हाय का, इचारून ये."

श्रीमंत कचेरीच्या टंचाई शाखेत लिपिक होता. जिल्हा उस्मानाबादेतून वेगळा होऊन दहावं वर्ष चालू होतं, पण लोक अजून त्याला नवा जिल्हाच म्हणत आणि कचेरीत माणसं कायम कमी असत. टंचाई शाखेत कंप्युटर एकच होता. म्हणून गावांचे आकडे भरण्याचं काम तारामतीकडं आलं होतं. तिच्या घरी, पुढच्या खोलीत, नांदेडच्या एका क्लासनं काढून टाकलेला जुना पीसी होता: हिरव्या अक्षरांचा पडदा, दोन फ्लॉपी ड्राइव्ह, हार्डडिस्क नाही, प्रिंटर नाही. तलाठ्यांच्या चिठ्ठ्या तिच्याकडं येत. ती आकडे फ्लॉपीवर भरून देई. कचेरीचं मशीन माणशी वीस लिटर धरून दहा हजार लिटरच्या टँकरच्या खेपा काढी आणि यादी छापी. फेब्रुवारीत हातानं लिहिलेल्या यादीत कुणीतरी दोन गावं घुसवली होती. तेव्हापासून साहेब छापील यादीशिवाय कशावरही सही करत नव्हते.

पुढची यादी शनिवारी दुपारी बाराला सहीला जायची होती. ती पंधरा दिवस चालणार होती. एकेचाळीस गावं होती, त्यातल्या तेवीस गावांत ऊसतोडीला गेलेली माणसं परत आली होती. फेब्रुवारीच्या आकड्यांवर टँकर गेले तर या माणसांच्या वाट्याला पाणीच नव्हतं.

तारामतीनं कंप्युटर सुरू केला. श्रीमंतनं आणलेली फ्लॉपी घातली आणि यादी उघडली. बारावी ओळ, निवळेवाडी, १८३०.

श्रीमंत पडद्याजवळ गेला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"तुम्ही आत्ता बदललं?"

"माझे हात कुठं आहेत ते बघा."

हात मांडीवर होते. दोघं तीच फ्लॉपी घेऊन कचेरीत गेले. तिथल्या मशीनवर ८१३० आलं. परत घरी येऊन उघडली. १८३०. बाहेरच्या खाटेवरून तारामतीचे वडील साहेबराव हे सगळं बघत होते. ते रेकॉर्ड रूममधून निवृत्त झालेले कारकून. बुधवारी त्यांनीच एकेक चिठ्ठी मोठ्यानं वाचली होती, तिनं पडद्यावरून उलट वाचून दाखवलं होतं आणि एकेचाळीस टिकमार्क झाल्यावरच फ्लॉपी दिली होती.

"ताळा चुकलेला न्हाई," साहेबराव म्हणाले. "मी वाचलंय."

"काका, तुमच्याकडं कोण बोट दाखवायलंय? पर शनिवारी बाराला साहेबापुढं काय ठिवू? घरी खरं, कचेरीत खोटं, आसं लिहू?"

तो गेल्यावर तारामती स्टॅंडसमोरच्या एसटीडी बूथवर गेली. नांदेडला अण्णाराव सरांकडं ती कंप्युटर शिकली होती, हे मशीनही त्यांच्याच क्लासातलं. मार्चमध्ये ती त्यांच्याकडं गेली होती आणि येताना टाइपिंगच्या सरावाचा एक खेळ कॉपी करून आणला होता. तो खेळ सुरू होताना हल्ली दोनदा घरघर होई. तिला वाटलं होतं, ड्राइव्ह जुना झाला.

"माझ्याकडं पण निघालाय," सर पलीकडून म्हणाले. "व्हायरस. त्या खेळातच होता म्हण की."

"कधी कळलं?"

"झाला की आठवडा."

"मला सांगितलं नाही."

"कुणाकुणाला सांगू, तारामती? त्या खेळाच्या चाळीस कॉप्या गेल्या. बिलोलीपासून उदगीरपर्यंत." थोडं थांबून ते म्हणाले, "पुसायचं औषध आलंय हैदराबादेहून. एक फ्लॉपी हाय. उद्याच्या पहिल्या गाडीनं कंडक्टरकडं देतो. ओळखायला वर निळा कागद लावतो."

म्हणजे रोग तिनंच आणला होता. बूथमधल्या मीटरकडं बघत तिनं हे एकदा मनात नीट म्हणून पाहिलं. घरी आल्यावर वडिलांना तसंच सांगितलं.

"मग यादीत सगळं खोटं हाय?" साहेबरावांनी विचारलं.

"इथं खरं दिसतं."

"इथं रोग हाय, आन इथंच खरं दिसतं?"

तो प्रश्न तिथंच धरून ठेवायला हवा होता, हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं.

शुक्रवारी नांदेडची गाडी अकराला आली. कंडक्टरनं वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्लॉपी खिडकीतून दिली. तारामती धावतच घरी आली, कारण त्या आठवड्यात दुपारी दोनला लाइट जाई ती पाचला येई. पाचनंतर कचेरी बंद. शनिवारी सकाळी काय होईल याची खात्री नव्हती.

साहेबराव कागद आणि पेन घेऊन बसले होते. "आधी पडद्यावरचं उतरवून घेऊ का? एकेचाळीसच ओळी हायेत."

"दादा, आजारी मशीनवरचं उतरवून काय करायचं? आधी साफ करू. मग नीट दिसेल ते उतरवू."

घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. एकेचाळीस ओळी उतरवायला वीस मिनिटं लागली असती.

तिनं औषधाची फ्लॉपी पहिल्या ड्राइव्हमध्ये घातली, खेळाची आणि प्रोग्रॅमची एकामागून एक दुसऱ्यात. पडद्यावर इंग्रजीत आलं, एक सापडला, एक काढला. नंतर पुन्हा तेच. मग तिनं साफ झालेल्या प्रोग्रॅमनं यादी उघडली.

निवळेवाडी, ८१३०.

ती खाली गेली, वर आली. ओळखीचे आकडे कुठंच सलग नव्हते. साडेपाच हजारांचं एक गाव पंचावन्नशेच राहिलं होतं, पण दुसरी दोन गावं तिप्पट झाली होती. साहेबरावांनी पेनचं टोपण लावलं. ते काही म्हणाले असते तर बरं झालं असतं.

बूथवर रांग होती. अण्णाराव सर फोनवर आले तेव्हा त्यांचा आवाज कालच्यापेक्षा बारीक होता.

"साफ केलंस?"

"केलं."

"अरारा. मी पण केलं." ते थांबले. "आता समजलंय मला. तो लिहिताना आकडे उलटे करतो आणि वाचताना सुलटे करून दाखवतो. कुठं उलटं केलं त्याची नोंद तो स्वतःजवळ ठेवतो. तो होता तवर तुला खरं दिसत होतं. त्याला काढलं की नोंद गेली, उलटं तेवढं राहिलं."

"म्हणजे कचेरीच्या मशीनवर..."

"तिथं तो न्हवताच. म्हणून तिथं उलटं दिसत होतं. पोरांचे परीक्षेचे मार्क गेले माझे. दोन वर्षांचे."

"सर, काल एवढं सांगितलं असतं तर."

"काल मलाच कुठं ठावं होतं?"

घरी येताना तिनं एकच गोष्ट मनात धरली होती, तलाठ्यांच्या चिठ्ठ्या. दारातूनच विचारलं, "दादा, चिठ्ठ्या कुठंयत?"

साहेबराव खाटेवर सरकून बसले. "बुधवारीच फाडल्या."

तिला ते ठाऊक असायला हवं होतं. जिल्हा वेगळा झाला तेव्हा साहेबराव उस्मानाबादेच्या रेकॉर्ड रूममध्ये होते. दप्तराची वाटणी करताना एकाच नोंदीची कच्ची प्रत एकीकडं आणि पक्की दुसरीकडं गेली, आणि दोन्ही कचेऱ्या आपलीच खरी म्हणून वर्षभर भांडल्या. लातुरात बदलून आल्यापासून त्यांचा नेम होता, पक्कं झालं की कच्चं फाडायचं. दोन प्रती म्हणजे दोन खरं. बुधवारी एकेचाळीस टिकमार्क झाले, यादी पक्की झाली, आणि त्यांनी चिठ्ठ्यांचे चार चार तुकडे करून चुलीपाशी ठेवले. गुरुवारचा चहा त्यावर झाला होता.

"तलाठ्यांकडं असंल की," ते म्हणाले.

"तेवीस तलाठी. कुणाकडं फोन नाही. उद्या बाराला सही."

"आठवून बघतो मी."

त्यांनी खरोखर डोळे मिटून पाहिलं. चारपाच गावं सांगितली, मग एका गावाचे दोन आकडे सांगितले.

एक वाजला होता. लाइट जायला तास उरला होता.

तारामतीनं फ्लॉपींचा डबा टेबलावर उपडा केला. त्यात फेब्रुवारीची फ्लॉपी होती. ती दिसल्यावर तिला आधी जुना राग आठवला. फेब्रुवारीत ती फ्लॉपी कचेरीत जमा करायला गेली, तेव्हा आवक-जावकच्या टेबलावरच्या सिद्धरामनं तिच्यावर आवक क्रमांकाची चिठ्ठी चिकटवली होती. सिद्धराम निलंग्याकडचा, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला, हाताला सदैव खळ लागलेला माणूस. फ्लॉपीचा पुठ्ठा अरुंद म्हणून त्यानं चिठ्ठी कडेवरून दुमडून मागं नेली होती. त्या कडेवर एक चौकोनी खाच असते. ती झाकली की मशीन त्या फ्लॉपीवरचं वाचतं, पण तिच्यावर लिहीत नाही.

"काका, ही निकामी झाली आता," ती तेव्हा म्हणाली होती.

"निकामी कशी? नंबर पडला हिला," सिद्धराम म्हणाला होता. "नंबर नसंल तर ती कचेरीत आलीच न्हाई आसं होतं, बाई."

एप्रिलमध्ये ती या परत मिळालेल्या फ्लॉपीवरूनच काम सुरू करायला गेली. मशीननं लिहायला नकार दिला, म्हणून चरफडत तिनं नवी फ्लॉपी काढली आणि तिच्यावर यादी पुन्हा भरली. व्हायरसनं त्या नव्या फ्लॉपीवर हात फिरवला. जुनीवर त्याला फिरवता आला नव्हता. चिठ्ठी अजून घट्ट होती.

तिनं ती फ्लॉपी घातली. निवळेवाडी, १८३०.

"दादा, लिहा."

यावेळी तिनं घाई केली नाही. फेब्रुवारीचे एकेचाळीस आकडे साहेबरावांनी एका रकान्यात उतरवले. शेजारी एप्रिलचे, जसे आता दिसत होते तसे. अठरा गावांत कुणी परत आलं नव्हतं, त्यामुळं त्यांचा आकडा दोन्हीकडं एकच असायला हवा होता. ती ओळीओळीनं खाली आली. पहिली, तिसरी, नववी जुळत होती. दुसऱ्या ओळीत १४६० चे ४१६० झाले होते. सहाव्यात २३१५ चे ३२१५. बाराव्यात निवळेवाडी.

"सम ओळी," ती म्हणाली. "एक ओळ सोडून एक. पहिले दोन आकडे उलटे करतो. बाकीच्यांना हात लावत नाही."

"सगळीकडं?"

अठराच्या अठरा ओळी दोघांनी तपासल्या. नियम सगळीकडं लागला. ज्या गावाचे पहिले दोन आकडे सारखेच होते, ते उलटूनही तेच राहिलं होतं. मग त्याच नियमानं त्यांनी तेवीस गावांच्या सम ओळी सुलट्या केल्या. दोनला पाच कमी असताना साहेबरावांचं पेन अठ्ठाविसाव्या ओळीवर थांबलं.

"पिंपळदरा. हे दोनदा भरलं होतंस तू."

तिला आठवलं. बुधवारी ताळा करताना याच गावात तिची एक चूक निघाली होती. ती खोडून तिनं आकडा पुन्हा भरला होता. म्हणजे व्हायरसनं ही ओळ एकदा उलटी केली होती की दोनदा? दुसऱ्यांदा भरलेला आकडा तिनं पूर्ण भरला होता की नुसता शेवटचा अंक बदलला होता? आता तिथं २१४० होते. एकदा उलटले असतील तर खरे बाराशे चाळीस. दोनदा उलटले असतील तर खरे एकवीसशे चाळीस. फेब्रुवारीत तिथं अकराशे तीस माणसं होती.

"बाराशे चाळीस म्हंजे शंभर-एक माणसं परत आली," साहेबराव म्हणाले. "हुईल की तसं."

"एकवीसशे चाळीस म्हणजे निम्मं गाव परत आलं. तसंही होईल. पिंपळदऱ्याचं निम्मं गाव ऊसाला जातं."

"बाराशे चाळीस धरलं तर?"

"तीन खेपा. आत्ता आहेत तेवढ्याच."

"आन दुसरं?"

"पाच."

लाइट गेली. पडदा मध्यापासून आत मिटत गेला. साहेबरावांनी कागदाची घडी घातली नाही, तो तसाच टेबलावर राहू दिला.

"पाच लिहून टाक," ते म्हणाले. "जास्त गेलं तर कुणाचं वाईट होतं?"

"दुसऱ्या कुणाच्या तरी दोन खेपा कमी होतात. टँकर आहेत तेवढेच आहेत." मग ती म्हणाली, "आणि एकदा अंदाजानं लिहिलं की बाकीच्या बावीस गावांचं पण अंदाजच होतं."

शनिवारी पहाटेच्या गाडीनं ती रेणापूरला उतरली आणि तिथून पिंपळदऱ्याकडं चालू लागली. साडेसातला गावाच्या कडेच्या शाळेपाशी पोचली. शाळेसमोर घागरींची रांग होती, टँकर अजून यायचा होता. रांगेच्या तोंडाशी एक उंच, गुडघ्याला फडकं बांधलेली बाई उभी होती. गुडघ्यामुळं ती या वर्षी ऊसाला गेली नव्हती आणि गावानं पाण्याची रांग तिच्याकडं दिली होती. नाव साखराबाई.

"कुठल्या तुमी?" तिनं विचारलं.

"लातूरहून आले. यादी करणारी मीच."

"मंजी तीन खेपा लिहिणारी तूच का माय?" साखराबाईनं तिला पायांपासून वर पाहिलं. "ये, ये. बघू दे तरी तोंड कसं हाय ते."

रांगेतल्या बाया हसल्या. तारामतीनं हसणं ओसरू दिलं. मग विचारलं, "गावात आज किती माणसं आहेत, कुणाला सांगता येईल?"

"मला इचारतीस? मला वाचता येत न्हाई."

"तरी."

साखराबाईनं शाळेच्या मागच्या भिंतीकडं हात केला.

भिंत रेघांनी भरली होती. घरागणिक उभ्या रेघा, चुन्याच्या पांढऱ्या. वीस रेघा झाल्या की त्यांच्यावर एक आडवी. त्यांच्या खाली, बरीचशी जागा व्यापून, कावेच्या तांबड्या रेघा.

"माणसाला एक रेघ," साखराबाई म्हणाली. "तान्ह्या लेकराची बी. न्हाईतर घागरीवरनं डोकी फुटत्यात. पांढरी ती गावात ऱ्हायलेली. तांबडी ती परत आलेली. जीप आली की मी काव घिऊन उबी."

"पुसता कधी?"

"पुसायचं कशाला? मग मागचं कसं कळंल? काट मारायची."

तारामतीनं पांढऱ्या आडव्या रेघा मोजल्या. छप्पन्न विसा आणि वर दहा. अकराशे तीस. फेब्रुवारीचा आकडा बरोबर तोच. त्यातल्या एका रेघेवर काट होती.

"ही?"

"धोंडाबाई. परवा गेली. बेस्तरवारी."

तांबड्या आडव्या रेघा एक्कावन्न निघाल्या, वर तीन. तिनं त्या दोनदा मोजल्या. दुसऱ्यांदा मोजताना प्रत्येक आडव्या रेघेखाली वीसच उभ्या आहेत का, हे बोट लावून पाहिलं. साखराबाई मागं उभी राहून हे बघत होती.

"एक्कावन्न इसा आन तीन," ती शेवटी म्हणाली. "मला इचारलं आसतं तरी सांगितलं आसतं. पर मोज, मोज. गावावर इस्वास बसू दे तुझा."

"तलाठी कधी येऊन गेले?"

"मंगळवारी. ह्याच भितीवरनं उतरून घेतलं त्यानं. त्याच्यानंतर बुधवारी शेषेरावच्या घरची आली. तेरा जणं."

तारामतीनं पिशवीतला कागद काढला आणि भिंतीला टेकवून बेरीज केली. एक हजार तेवीसमधून तेरा गेले, एक हजार दहा. त्यात अकराशे तीस, म्हणजे एकवीसशे चाळीस. तलाठ्यानं मंगळवारी लिहिलेला आकडा हाच होता. व्हायरसनं ती ओळ दोनदा उलटी केली होती. आजचा आकडा मात्र तो नव्हता. तेरा आले, एक गेली. एकवीसशे बावन्न.

टँकर आला तेव्हा रांग हलली आणि तिच्याकडं कुणाचं लक्ष उरलं नाही. रिकामा टँकर परत निघाला तसा साखराबाईनं ड्रायव्हरला हाक मारली. "ए, हिला रेणापूरला सोड. हिला बाराला पोचायचं हाय. उशीर झाला तर उद्यापासनं तुझ्या टँकरचं तोंड मी बांधीन."

सव्वाअकराला ती कचेरीत पोचली. श्रीमंतनं दुरुस्त आकडे भरले. कुठल्या गावात निवळेवाडीसारखी गंमत नाही ना, हे दोघांनी मोठ्यानं वाचून पाहिलं. यादी छापून निघाली आणि श्रीमंत शेवटच्या रकान्यावर अडला.

"आधार काय लिहू? तलाठ्याच्या चिठ्ठ्या जोडायच्या आसत्यात."

"चिठ्ठ्या नाहीत."

"मग पिंपळदऱ्याला?"

"शाळेची भिंत."

"भिंत आवक होत न्हाई, ताई." त्यानं आवाज खाली घेतला. "ऐका माझं. 'टंकनातली चूक, दुरुस्त केली' एवढं लिहून द्या. तुमचं काम ऱ्हाईल. व्हायरस बियरस लिहिलं तर साहेब म्हणतील, घरच्या मशीनवर सरकारी काम नकोच."

"चूक म्हणून लिहिलं तर साहेब चिठ्ठ्या मागतील."

"मागतील."

"नसल्या तर काय करतील?"

श्रीमंतनं खिडकीबाहेर पाहिलं. "फेब्रुवारीचे आकडे चालू ठिवतील."

तारामतीनं कोरा कागद मागितला. मार्चमध्ये नांदेडहून खेळ तिनंच आणला, तिथून रोग तिच्या मशीनला लागला, साफ करण्याआधी आकडे उतरवून घ्यायला हवे होते ते घेतले नाहीत, चिठ्ठ्या नष्ट झाल्या, आकडे कोणत्या नियमानं सुलटे केले, अठरा गावांत तो नियम कसा तपासला, पिंपळदऱ्यात काय मोजलं. चिठ्ठ्या कुणी फाडल्या ते तिनं लिहिलं नाही. दीड पान झालं. खाली सही केली.

सिद्धरामनं कागद हातात घेतला, वाचला नाही, खळीचं बोट फिरवून वरच्या कोपऱ्यात चिठ्ठी चिकटवली आणि नंबर घातला.

"आता हा आधार झाला," तो श्रीमंतला म्हणाला. "लाव मागं."

"काका," तारामती म्हणाली, "तुम्ही फेब्रुवारीत माझ्या फ्लॉपीवर चिठ्ठी लावली होती."

"लावली आसंल."

"तिनं वाचवलं."

"नंबर होता ना तिला," सिद्धराम म्हणाला आणि पुढचं पाकीट ओढलं.

साहेबांनी त्या दीड पानातला नियम घेऊन दोन गावं स्वतः जुळवून पाहिली, असं श्रीमंतनं नंतर सांगितलं. बारा वाजून वीस मिनिटांनी सही झाली. सोमवारी पिंपळदऱ्याला पाच टँकर गेले. मंगळवारी श्रीमंत पत्र घेऊन आला. खासगी यंत्रावर यापुढं शासकीय माहिती भरून घेतली जाणार नाही. या वेळी त्यानं पाणी मागितलं. साहेबरावांनी तांब्या पुढं केला आणि त्या दिवशी पत्राची प्रत फाडली नाही.

काम गेलं, पण यादी डोक्यातून गेली नाही. पिंपळदऱ्याची तारामतीला खात्री होती, कारण भिंत तिनं पाहिली होती. बाकीच्या बावीस गावांची भिंत तिनं पाहिली नव्हती. नियम अठरा ठिकाणी लागला म्हणून बावीस ठिकाणी लागला, एवढाच तिच्याकडं पुरावा होता. दुसरी एखादी ओळ तिनं दोनदा भरली होती का, हे तिला आठवत नव्हतं, आणि आठवत नाही याचा अर्थ भरली नव्हती असा होत नाही.

म्हणून रोज सकाळी ती स्टॅंडवर जाऊन बसू लागली. खेड्यांच्या गाड्या लागत. उतरणाऱ्या बायांना ती गाव विचारी, आणि गाव यादीतलं निघालं की विचारी, किती खेपा येतात, परत आलेल्यांना पुरतं का. पहिल्या आठवड्यात चौदा गावांपुढं टिकमार्क झाले. दुसऱ्या आठवड्यात सात. एका गावाची माणसं येतच नव्हती. टिकमार्क राहिलेलं ते शेवटचं गाव, ओळ चाळीस, सम.

पंधरवडा संपायला एक दिवस राहिला असताना त्या गावची एक म्हातारी लेकीसोबत उतरली. तारामती उठून तिच्या वाटेत उभी राहिली आणि विचारलं.

म्हातारीनं डोक्यावरचं गाठोडं न उतरवता तिच्याकडं पाहिलं.

"पुरतंय," ती म्हणाली. "चवीचं इचारू नको."

तारामतीनं कागद गुडघ्यावर ठेवून टिकमार्क केला, आणि त्याच्याशेजारी म्हातारीचं नाव विचारून लिहून घेतलं.